आठवा टप्पा

बेचाळीस किलोमीटर धावून मुजावरबाईंना मिळणार होतं ते एवढंच: एक टी-शर्ट, एक पदक, नाव छापलेलं एक प्रमाणपत्र आणि एक केळं.

माझा धंदा विम्याचा. समोरच्या माणसाला कशातून काय सुटणार, हे त्याच्या आधी मला कळावं लागतं. म्हणून सांगलीत विश्रामबागेच्या मैदानावर त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी सवयीने हिशेब मांडला आणि तो तोट्यात आला. वय एक्कावन्न. पायात ड्युटीचे काळे बूट, अंगात एसटीचा खाकी शर्ट, खाली लेकीची ट्रॅक पँट. पहाटेचे साडेपाच वाजलेले. आम्ही सगळे पाय ताणत उभे होतो, आणि बाई सरळ बिरनाळे सरांसमोर जाऊन ठाकल्या.

"मॅरेथॉनचा फॉर्म हितंच भरायचा न्हवं?"

बिरनाळे सर शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे मास्तर. झोपताना तरी गळ्यातली शिट्टी काढतात की नाही, याची आम्हाला शंका होती. त्यांनी बाईंना खालून वर न्याहाळलं.

"बाई, पाच किलोमीटरचा पण फॉर्म असतोय. बायकांचा गट आहे. गुलाबी टोपी मिळती."

"पाचात एक टप्पा पण होत न्हाई, सर. मोठा द्या."

टप्पा हा शब्द आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला आणि पुढे पाच महिने रोज ऐकला. एसटीचं भाडं टप्प्यावर असतं आणि टप्पा सहा किलोमीटरचा. पंचवीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या बाईंना जग किलोमीटरमध्ये दिसतच नसे. सांगली ते मिरज त्यांच्या लेखी दोन टप्पे, आणि स्वर्ग किती टप्प्यांवर आहे हेही विचारलं असतं तर सांगितलं असतं.

सरांनी मोठा फॉर्म दिला आणि सवयीप्रमाणे माहितीही दिली. "बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंच्याण्णव मीटर."

"वर किती म्हणालात?"

"एकशे पंच्याण्णव. ते कशाला लावलंय देवाला ठाऊक. त्याची काळजी करू नका, बेचाळीसची करा."

बाईंनी खिशातलं पेन काढून तो आकडा तळहातावर लिहून घेतला. आम्ही हसलो. बेचाळीस सोडून वरचे मीटर लिहून घेणारी बाई आम्ही पाहिली नव्हती.

आमच्या गटाचं नाव 'पहाटपाय'. दरवर्षी जानेवारीतल्या शर्यतीत धावायचं, प्रत्येकाने आपल्यामागे एक दाता उभा करायचा, आणि जे जमेल ते एका चांगल्या कामाला द्यायचं. त्या वर्षीचं काम 'उमेद' शाळेची बस. मिरजेच्या पलीकडे अपंग मुलांची ही छोटी शाळा. तिला एका कारखान्याने जुनी बस दिली होती, कुणी पिवळा रंग दिला होता, ड्रायव्हरही एक निवृत्त माणूस पदराला खार लावून यायला तयार होता. नव्हते ते टायर, बॅटरी आणि मुख्य म्हणजे डिझेल. बस शाळेच्या आवारात उभी होती आणि कोंबड्या तिच्याखाली अंडी घालत होत्या.

मी गटात का होतो, हेही सांगून टाकतो. तब्येतीची काळजी करणारी चाळीस माणसं रोज सकाळी एका जागी जमतात, असं ठिकाण विम्याच्या एजंटला दुसरं कुठलं मिळणार? दिवाळीपर्यंत माझ्या नऊ पॉलिसी झाल्या होत्या. धावणं हा वरखर्च.

तेव्हा बाईंना काय सुटतंय, हे मला कळेना. एकदा धावून झाल्यावर चहाच्या गाड्यावर मी विचारलंच.

"बाई, तुम्हाला ह्यात काय आहे ओ?"

"दोन मिनिटं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"कोरेदादा, माझ्या गाडीला एक पोरगी होती. कस्तुरी. ह्या 'उमेद' शाळेतलीच, कुरणवाडी फाट्यावर चढायची. दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्या, काखेत कुबडी. तिला चढायला दोन मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून बघितलंय. पाच वर्षं मी सिंगल बेल मारून उभी राह्यले. लोक ओरडायचे, ओरडू दे. आता मला पुण्याच्या लांब गाडीवर टाकलंय. फाट्यावर दोन मिनिटं कोण थांबणार?"

"नवीन कंडक्टर थांबत नाही?"

"त्याच्यावर कशाला ढकलायचं? गाडी भरून येती. मागचे ढकलतात, पुढचे सरकत न्हाईत. पोरगीच म्हणती, जाऊ दे मामा, उद्या येते. असं उद्या उद्या करून ती आता आठवड्यातनं दोनदा शाळेत जाती. बाप सायकलवर घालून सोडतो तवा. पुढच्या वर्षी दहावीला जाणार. मला म्हणाली, बाई, धावी आठवड्यातनं दोनदा होती का ओ?"

चहा संपला. मी पॉलिसीचा विषय काढणार होतो, तो राहून गेला.

सरांचा एक नियम होता: धावताना बोलता आलं पाहिजे. बोलता येईना झालं की वेग जास्त झाला असं समजायचं. बाकीच्यांना हा नियम शिक्षा वाटे. बाईंना तो सरकारी परवाना वाटला. त्या पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत बोलत. पुण्याच्या गाडीतला दारुडा, कोंबडीचं तिकीट काढायला नाही म्हणणारा कुणी पाटील, सुट्ट्या पैशांवरून झालेली भांडणं. सहा किलोमीटर झाले की ओरडत, "चला, उतरणारे उतरा!" आणि मग जिभेने डबल बेल वाजवत: टिंग टिंग. डबल बेल म्हणजे गाडी सोडा. एक बेल म्हणजे थांबवा. पंधरा दिवसांत सरांची शिट्टी बंद पडली. अख्खा गट बाईंच्या बेलवर चालू लागला.

माझा वेग बाईंच्या वेगाइतकाच होता. ही गोष्ट मी बाहेर सांगत नसे. एकतीस वर्षांचा, रोज दूध पिणारा माणूस मी. पण त्यामुळे त्यांच्या शेजारी धावणं माझ्या वाट्याला आलं. बाई पंचवीस वर्षं हलत्या गाडीत दांडी न धरता उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या पोटऱ्या कशाच्या बनल्या होत्या, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं, मी रस्त्याकडेला बसून उलटी करत होतो आणि त्या जागच्या जागी धावत मला पाणी देत होत्या तेव्हा. पहाटेची ड्युटी असली की त्या संध्याकाळी डेपोच्या आवाराभोवती फेऱ्या मारत. ड्रायव्हर लोक ओरडत, "बाई, गाडी सुटली काय ओ?" बाई पळत पळतच उत्तर देत, "सुटली व्हय! तुमच्या आधी पोचते का न्हाई बघा!"

आता शीतलशेठ.

शीतल मगदूम आमच्यातले मोठे आसामी. माधवनगरच्या बाजूला पेट्रोल पंप, हातात धावण्याचं महागडं घड्याळ. ते घड्याळ त्यांच्या हृदयाचे ठोके मोजायचं आणि ते आम्हाला वाचून दाखवायचे. धावायचे दहा किलोमीटर, बोलायचे शंभराचं. मनाने वाईट नव्हते. वॉर्डाची निवडणूक दीड वर्षावर आली होती, त्यामुळे चांगुलपणा दिसेल अशा जागी करायचा, एवढं त्यांचं धोरण होतं.

त्यांचं आणि बाईंचं जुनं होतं. हा किस्सा शेठनीच आम्हाला सांगितला, बाई कशी आडमुठी आहे हे पटवायला. त्यांच्या पंपासमोर एसटीचा विनंती थांबा आहे. पण टप्पा संपतो दोनशे पावलं अलीकडे, कॅनॉलच्या पुलाशी. एकदा गाडी बंद पडली म्हणून शेठ एसटीत बसले, तिकीट काढलं पुलापर्यंतचं आणि उतरायला निघाले पंपावर.

"मला म्हणती, पुढच्या टप्प्याचं तिकीट काढा. म्हटलं, अहो दोनशे पावलांसाठी? तर म्हणती, टप्पा लागला की लागला. दोनशे पावलं जावा न्हाईतर सहा किलोमीटर जावा."

"मग?" कुणीतरी विचारलं.

"म्हटलं, बाई, मला ओळखता का? तर म्हणती, ओळखते की. म्हणून तर सुट्टे मागितले न्हाईत." शेठ स्वतःच हसले. "सगळी गाडी माझ्याकडं बघालती. काढलं बाबा तिकीट."

बाई शेजारी उभ्या राहून बुटाची नाडी बांधत होत्या. म्हणाल्या, "आणि मी तुम्हाला काय सांगितलेलं उतरताना?"

"काय?"

"तिकीट जपून ठेवा म्हणून."

नोव्हेंबरात दात्यांची नावं द्यायची वेळ आली. सगळ्यांना दाते मिळाले होते. मेव्हणे, साडू, बँकेतले साहेब. बाईंच्या नावापुढची जागा रिकामी.

"बाई, तुमच्यामागं कोण?" शेठनी विचारलं.

"कोण न्हाई. डेपोतली सगळी माझ्यासारखीच."

शेठनी घड्याळात पाहिलं. ठोके बघितले असावेत. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी उभा राहतो की! शाळेच्या बसला डिझेल माझ्या पंपावरनं. आणि हे बघा, बाईंना किलोमीटर कळायचे न्हाईत, त्यांच्या भाषेत बोलतो. बाई जेवढे टप्पे पळतील, तेवढे महिने बसचं डिझेल माझं!"

टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवता वाजवता शेठचा हिशेब केला. बाई त्या वेळपर्यंत एका दमात अकरा किलोमीटरच्या वर धावल्या नव्हत्या. म्हणजे दोन टप्पे, फार तर तीन. तीन महिन्यांच्या डिझेलमध्ये बसच्या मागच्या काचेवर पाच वर्षं शेठचं नाव. आणि बाई अगदीच भुतासारख्या धावल्या, तरी बेचाळीस भागिले सहा, सात. सातच्या वर काही जात नव्हतं. एवढा स्वस्त बोर्ड मिरज रस्त्यावर मिळाला नसता.

"लिहून द्या," बाई म्हणाल्या.

"अहो, शब्द दिलाय की!"

"तोंडी तिकीट चालत न्हाई, शेठ."

पुन्हा हशा. शेठनी फॉर्मच्या मागे लिहिलं: श्रीमती नूरजहाँ मुजावर जितके टप्पे धावतील तितके महिने. खाली सही. साक्षीदार म्हणून मी सही केली. बाईंनी कागद हातात घेऊन वाचला.

"टप्पा म्हणजे एसटीचाच न्हवं?"

"तुमचाच ओ बाई, तुमचाच! मला कुठला टप्पा असणार?"

बाईंनी कागदाची घडी प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी खाकी शर्टाच्या खिशात. बटण लावलं. त्या धावताना खाकी शर्ट का घालतात हे मी पूर्वी विचारलं होतं. खिशाला बटण असतं म्हणून, असं उत्तर मिळालं होतं.

डिसेंबरात बाई बत्तीस किलोमीटर धावल्या. त्या दिवशी त्यांचा मोजा बुटातून निघेना. ओला झाला होता, घामाने नव्हे. सर म्हणाले, बाई, आठ दिवस विश्रांती. बाईंनी चार दिवस घेतली आणि तेही पुण्याच्या गाडीत उभं राहून. नवे बूट घ्या, असं सगळेच म्हणत होते. शेवटी सरांनी आपल्या मुलीचे, एक नंबर मोठे, आणून दिले. पुढच्या पोकळीत बाईंनी कापूस भरला.

शर्यत सुटली पहाटे पाचला. साडेअकराला कमान बंद, म्हणजे साडेसहा तास. पहिल्या दोन टप्प्यांत बाईंनी मला पुण्याच्या गाडीत झालेल्या एका बाळंतपणाची गोष्ट सांगितली. तिसऱ्या टप्प्यात मिरज मागे पडलं, हळदीची पोती घेऊन रांगत चाललेल्या ट्रकमागे आम्ही बराच वेळ होतो आणि आमचे घामेजलेले चेहरे नवरीसारखे झाले. चौथ्या टप्प्यात ऊन चढलं. तीसचा फलक आला, पाच टप्पे झाले. बाईंनी "उतरणारे उतरा" म्हटलं खरं, पण टिंग टिंग केलं नाही.

मग त्या बोलायच्या थांबल्या.

पाच महिन्यांत ही बाई पहिल्यांदा गप्प झाली होती. मला सरांचा नियम आठवला. मी मूर्खासारखा म्हणालो, "बाई, बोला की काहीतरी." त्यांनी हात नुसता हलवला. छत्तीसच्या फलकाला हात लावला आणि त्या रस्त्यामधल्या दुभाजकावर बसल्या.

"सिंगल बेल," त्या म्हणाल्या.

मी शेजारी बसलो. खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी नव्हे, मला निमित्तच हवं होतं. त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली.

"जून आणि जुलैचं शाळा बघणार हाय. माझं ऑगस्टपासनं. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. सहा झाले?"

"सहा झाले. बाकीच्यांनी जमवलेलं?"

"त्यात टायर आणि बॅटरी. ते झाल्याबिगर बस दारातनं हलत न्हाई." त्यांनी पुन्हा बोटांकडे पाहिलं. "परीक्षा कधी असती धावीची?"

"मार्चात."

हे मी बोललो आणि मग मला दिसलं. सातवा टप्पा म्हणजे फेब्रुवारी. बाई शेवटपर्यंत धावल्या तरी फेब्रुवारीअखेर बस पुन्हा कोंबड्यांवर उभी. इतके महिने पोरीने रोज शाळेत जायचं आणि परीक्षेच्या महिन्यात फाट्यावर उभं राहायचं. बेचाळीसमध्ये आठवा महिना बसत नव्हता. मी विम्याचा माणूस, तोंडातून निघून गेलं.

"बाई, एक कमी पडतोय. सातात मार्च येत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाच महिने मला दादा, तुम्ही म्हणणारी बाई म्हणाली, "तुला कोण विचारतंय? बेल मार."

"अं?"

"कंडक्टर बसलाय खाली. तू बेल मार."

मी जीभ टाळूला लावली. तोंड इतकं कोरडं होतं की आवाज निघेना. तिसऱ्यांदा निघाला. टिंग टिंग. बाई दुभाजकाला हात टेकून उठल्या.

त्या शेवटच्या सहा किलोमीटरांबद्दल माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नाही. एकदा बाईंनी माझी बाही धरली, एकदा मी त्यांची धरली. आमच्यापुढे एक केळीवाला हातगाडी ढकलत चालला होता आणि आम्हाला तो मागे टाकता येईना.

बेचाळीसच्या फलकाजवळ गर्दी होती. तिथून रस्ता वळतो आणि वळणानंतर कमान दिसते. शेठ आपले दहा किलोमीटर आटोपून, अंघोळ करून, पांढऱ्या शर्टात शहाळं घेऊन उभे होते. त्यांच्याबरोबर स्ट्रेचरवाली दोन मुलं आणि बिरनाळे सर. बाईंचा चेहरा पाहून सर पुढे धावले.

"बाई, बसा. बसा आधी."

शेठ म्हणाले, "बसा ओ बाई! झालं तुमचं. बेचाळीस झाले. सातच्या सात टप्पे दिले मी. मानलं तुम्हाला!" आणि ते मनापासून म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. तीन महिन्यांच्या ठिकाणी सात गेले होते आणि माणूस रडत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. स्ट्रेचरवाल्यांनी स्ट्रेचर खाली ठेवलं.

बाई फलकाशी थांबल्या.

"हितं बेचाळीस झाले?"

"झाले की."

"पुढं किती?"

"काही न्हाई ओ. एकशे पंच्याण्णव मीटर."

बाईंनी फलकापुढे एक पाऊल टाकलं.

"मग आठवा टप्पा लागला," त्या म्हणाल्या.

शेठना कळायला क्षणभर लागला. तोंडून जे निघालं, ते त्यांनी बोलायला नको होतं.

"अहो, दोनशे पावलांसाठी?"

सरांच्या शिट्टीतून आपोआप आवाज निघाला, इतक्या जोरात ते हसले. गटातल्या प्रत्येकाने तो किस्सा दहादा ऐकला होता. मागून कोणीतरी ओरडलं, "टप्पा लागला की लागला!" बाईंनी खिशाचं बटण काढलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. साक्षीदार मी. मी कागद उलगडला, घाम पुसला आणि मोठ्याने वाचला. जितके टप्पे धावतील तितके महिने.

शेठ शहाळं धरून उभे. धंद्यातला माणूस, असा सुखासुखी सोडणार नव्हता.

"बरं. पण माणूस थांब्यावर उतरला तर टप्पा. मधेच खाली पडला तर न्हाई."

"कबूल," बाई म्हणाल्या. "थांबा ती कमान."

"बाई, नको," सर हसायचे थांबून म्हणाले. "तुम्ही पडाल. सहा मिनिटं राहिलीत कमान बंद व्हायला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी माझी जीभ पहिल्याच झटक्यात वाजली.

टिंग टिंग.

त्या धावल्या असं मी म्हणणार नाही. एक पाय टाकत होत्या आणि दुसरा ओढत होत्या. पन्नास मीटरवर त्यांना झोक गेला. मी हात पुढे केला, त्यांनी तो झटकला. दांडी न धरता उभं राहायची सवय. शेठ कडेकडेने आमच्याबरोबर चालत होते आणि सुरुवातीला काहीतरी घासाघीस करत होते. "बाई, अर्ध्या महिन्यावर मिटवू. बाई, ऐका." शंभर मीटरवर त्यांचा आवाज बंद झाला. बाईंचा डावा गुडघा आत वळायला लागला होता, प्रत्येक पावलाला. मग मला शेजारून ओरडणं ऐकू आलं. "चला! चला बाई! या, आलं, आलं! सोडू नका!" मी मान वळवली. पांढऱ्या शर्टावर शहाळ्याचं पाणी सांडत शेठ उलटे पळत होते, तोंड बाईंकडे करून, स्वतःच्याच पंपाच्या विरोधात घसा फोडत.

कमानीखाली घड्याळ होतं. सहा तास सत्तावीस मिनिटं.

बाईंनी एका हाताने कमानीचा खांब धरला. दांडी धरावी तसं काही धरताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

"काढा तिकीट," शेठ धापा टाकत म्हणाले. "मार्चचं."

बाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी शेठचा हात पुढे ओढला, तळहात वर केला, आणि दोन बोटांनी कडेला चिमटा काढला. तिकीट पंच करतात तसा. शेठनी मूठ मिटून घेतली.

बस जूनमध्ये निघाली आणि ऑगस्टपासून शेठच्या डिझेलवर धावली. मार्चअखेरपर्यंत एक दिवस चुकली नाही, परीक्षेच्या दिवसांत तर शेठ स्वतः केंद्राबाहेर उभे होते, डिझेल पुरतंय का बघायला आलो म्हणाले. कस्तुरी पास झाली. आता ती कोल्हापुरात एका कचेरीत आहे आणि पहिल्या मजल्यावर लिफ्टने जाते.

या सगळ्याला बारा वर्षं झाली. कोणी काय दिलं आणि काय घेतलं, ते आता मांडायला हरकत नाही.

शेठनी आठ महिने भरले. त्याबदल्यात बसच्या मागे नाव आलं, आणि निवडणुकीत ते पडले तरी नाव अजून आहे. त्यांची बरोबरी झाली. माझ्या नऊ पॉलिसींच्या चौदा झाल्या, मी फायद्यात. सरांचे बूट गेले, पण अजून ते पोरांना सांगतात की त्या बाईंना मीच धावायला शिकवलं.

बाईंची पायाची दोन नखं गेली, ती परत धड आली नाहीत. त्या वर्षीच्या सगळ्या रजा गेल्या. डावा गुडघा गेला. निवृत्तीपर्यंतची उरलेली सात वर्षं त्यांना गाडीत दांडी धरून उभं राहावं लागलं. जमेच्या बाजूला टी-शर्ट, तो लेकीने नेला. पदक कस्तुरीच्या कुबडीला बांधलेलं मी पाहिलं आहे. प्रमाणपत्रावर 'नूरजहाँ मुजुमदार' छापून आलं, ते बाईंनी डेपोत लावलं आणि ही कोण म्हणून सगळ्यांना विचारत हिंडल्या.

केळं तेवढं त्यांनी स्वतः खाल्लं. तेही अर्धंच. उरलेलं अर्धं, कमानीच्या खांबाला टेकून बसल्या बसल्या, त्यांनी माझ्यापुढे धरलं.

मी ते घेतलं.